वाकळीच्या पोटात

२२ जुलै २०२३ च्या पुराचं पाणी ओसरलं आणि आमच्या संग्रामपूर तालुक्यात जिकडेतिकडे वाकळी दिसू लागल्या. काट्यांच्या कुंपणावर, शाळेच्या भिंतीवर, बैलगाडीच्या जुवावर, बाभळीच्या फांद्यांवर. सातपुड्यातून उतरणारे नदी-नाले रातोरात घरांत शिरले होते. ज्वारीची पोती फुगली होती, शेतातली माती पिकासकट खरडून गेली होती. तरी बायांनी घरातून आधी बाहेर ओढल्या त्या वाकळीच. चिखल प्यालेली वाकळ दोघींना उचलत नाही. मेलेलं वासरू ओढावं तशी ती ओढावी लागते.

आमच्या घरात गुडघाभर चिखल होता. मायच्या लोखंडी पेटीत तळाशी एक वाकळ होती. माझ्या जन्माच्या वेळी, १९५७ साली, माझ्या आजीनं पातुर्ड्याला शिवलेली. पेटी उघडली तेव्हा आत पाणी डुचमळत होतं. वाकळीला असा वास येत होता की मी म्हटलं, "माय, हे आता राहू दे, नेऊन टाकते." माय सत्त्याऐंशी वर्षांची. बाजेवर बसून ती नुसती बघत होती. म्हणाली, "फेकू नोको. उसव."

मग श्रावणातल्या कितीतरी दुपारी आम्ही दोघी ती वाकळ उसवत बसलो. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यात इतिहासही शिकवला. आमच्या भागातल्या बायांचा इतिहास मात्र मला त्या दुपारी मिळाला, ब्लेडच्या पात्यानं एकेक टाका कापताना.

सगळ्यात वरचा थर गुळगुळीत, निळ्या फुलांचा. पॉलिएस्टरची साडी. १९९० च्या आसपास मायनंच ती वरून लावली होती, जुनी वाकळ झिजली म्हणून. पुरानं तिचं काहीच बिघडलं नव्हतं. एकदा पाण्यातून काढली आणि ती दुकानातल्यासारखी चमकू लागली. खालच्या सुती थरांनी मात्र सगळा चिखल पोटात घेतला होता. मायला ती साडी कधीच आवडली नव्हती. सुई तिच्यावरून घसरते, टाका धरत नाही, थंडीत अंगाला गार लागते, घाम टिपत नाही. १९८५ च्या वस्त्रधोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी करून दिली आणि पुढच्या पाच-सात वर्षांत आमच्या बाजारात सुती लुगडं शोधावं लागू लागलं. ही साडी धुवायला सोपी, लवकर वाळणारी, न विटणारी. मजुरीला जाणाऱ्या बाईला ती का नको असेल? मी स्वतः शाळेत तसलीच नेसून जात होते. पण ती जुनी होत नाही. जुनी होऊन मऊ होणं हा सुताचा गुण आहे, आणि आमच्याकडची देण्याघेण्याची सगळी रीत त्या एका गुणावर उभी होती.

दुसरा थर बाबांच्या धोतराचा होता. त्यावर फार वेळ गेला नाही, ते हातातच विरलं.

तिसऱ्या थरात मायचं लुगडं निघालं आणि त्याच्या मधोमध एक आडवी शिवण. मायनं त्या शिवणीवरून बोट फिरवलं. "दंड हाय हा." नऊवारी लुगडं आधी मध्यावर विरतं, बसण्या-उठण्यानं आणि निंदणीला वाकून वाकून. मग तो मधला भाग कापून काढायचा आणि दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडायची. ह्या जोडाला दंड म्हणतात. दंडाचं लुगडं नेसणारी बाई तो जोड निऱ्यांत लपवते. माझ्या लहानपणी गावातल्या कुठल्याही दहा बायांत सहा-सातजणींच्या अंगावर दंड होता. कोण कसा लपवते यावरून तिचा नेटकेपणा ठरायचा.

कापून काढलेला विरविरीत तुकडाही वाया जात नसे. त्यातून भाकरीच्या शिदोरीचं फडकं निघायचं, विळा लागलेल्या बोटावर हळद घालून बांधायची पट्टी निघायची. दंडही फाटला की उरलेल्यातून पोरीचा परकर. परकर आखूड झाला की पाळण्यातल्याचं दुपटं आणि बाळुती. त्यानंतर वाकळीचा थर. वाकळीतही जे मावत नाही त्याची चुंबळ वळायची, डोक्यावर पाण्याच्या घागरीखाली ठेवायला. चुंबळ सुटली की पोतेरं, शेणानं जमीन सारवायला. आणि पोतेऱ्याच्या कडेचा एखादा कोरडा दोरा राहिलाच तर चिमणीत वात. चिमणी म्हणजे औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेला रॉकेलचा दिवा. आजीच्या घरी सुईत ओवायचा दोरासुद्धा विकत येत नसे. लुगड्याच्या काठातले दोरे ओढून काढायचे, दोन एकत्र पिळायचे, मेण लावायचं. माझ्या वाकळीतले सगळे जुने टाके तसल्याच दोऱ्याचे आहेत, आणि मला ते कापताना जड गेले. वरच्या साडीला लावलेला रिळाचा दोरा मात्र कधीच कुजला होता.

हे सगळं ऐकून नव्या पिढीला वाटतं, कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापडाची एवढी ओढाताण कशी? आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी मचूळ, पण काळ्या मातीत पऱ्हाटी कमरेइतकी वाढते. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया शेतात सीतादही करायच्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच पहिलं बोंड तोडायच्या. घरात कापसाच्या गंजीवर पोरं झोपायची. आणि त्याच घरात नवं लुगडं वर्षाला एक, तेही वर्ष चांगलं गेलं तर.

याचं उत्तर पूर्णा नदीच्या पलीकडे आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. शेगाव आणि जलंब तिच्या वाटेवर आले. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा तेरा किलोमीटरचा फाटा खुला करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. तेरा किलोमीटरसाठी व्हाइसरॉय! खामगावची कापसाची पेठ तेवढ्या मोलाची होती. आमचं संग्रामपूर तेव्हा जळगाव जामोद तालुक्यात होतं, आणि तो तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात. इथला कापूस बैलगाडीनं पूर्णा ओलांडून शेगाव-खामगावला जायचा आणि गठ्ठे बांधून मुंबईला.

कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांनी आपल्या अहवालात आपला हेतू लपवलेला नाही. आगगाडीनं विलायती कापड इतकं स्वस्त आणता येईल की इथलं कताई-विणकाम बसेल आणि त्यात गुंतलेली माणसं शेतात कापूस पिकवायला मोकळी होतील, असा त्यांचा हिशेब होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा हात थरथरला. कारण ती मोकळी झालेली माणसं म्हणजे आमच्याच पणजीच्या वयाच्या बाया. कापूस वेचायचा, चरखा माळ्यावर टाकायचा आणि आपल्याच कापसाचं कापड विकत घ्यायचं. १८७७ साली नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे वऱ्हाडातही गिरण्या आल्या. पण कापड घरात पैशानंच येत राहिलं. पैसा वर्षातून एकदा, कापूस विकला की. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर तोही नाही. मग घरात एकदा शिरलेलं कापड परत बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा बायांचा नियम झाला. मी त्याला काटकसर म्हणत नाही. रुईच्या गठ्ठ्यात बांधून जे नेलं गेलं, त्याचा जो काही अंश परत आला तो त्यांनी दातांत धरून ठेवला.

चौथ्या थरात एक जाडाभरडा, मांजरपाटासारखा तुकडा होता. त्याच्या कोपऱ्यात निळसर डाग. माय म्हणाली, "कंट्रोलचं." १९४३ साली सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, त्या वेळी माय सात वर्षांची. कापडावर किमतीचा छाप मारायची सक्ती होती. तो निळा डाग त्याच छापाचा असावा असं मला वाटतं. मायला तो दुकानासमोरचा ताटकळा आठवतो आणि हेही आठवतं की त्या वर्षी घराबाहेर पडायला एकच धड लुगडं होतं, ते आजी आणि तिची बहीण पाळीपाळीनं नेसायच्या. एक नेसून विहिरीवर जायची तेव्हा दुसरी घरात.

ही दुसरी बहीण लक्षात ठेवा.

इथे मला शाळेतली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती चाळीस वर्षं माझ्या मनात आहे. आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी परिषद घेऊन नयी तालीम मांडली. हातानं काहीतरी उपयोगी करत शिकायचं, तकलीवर सूत कातायचं. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. आम्हा शिक्षकांच्या हाती आलं ते शेवटी एका वाक्यात आलं, टाकाऊपासून टिकाऊ. १९८३ च्या सुमारास मी चौथीच्या वर्गाला सांगितलं, उद्या घरून टाकाऊ वस्तू आणा. कुणी आगपेटीचे खोके आणले, कुणी फुटक्या बांगड्या. एक मुलगी रिकाम्या हातानं आली. विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "बाई, आमच्या घरी टाकाऊ काईच नाही."

मी तिला दटावलं. खोटं वाटलं मला. संध्याकाळी तिच्या घरावरून गेले. दारात डालड्याच्या डब्यात तुळस. आत बाटलीची चिमणी. पोळ्याला बैलावर घालायची झूल दोरीवर वाळत होती, पस्तीस-चाळीस ठिगळांची, मधोमध एक लाल चोळीचा खण. आणि परसात तिची आजी उखळात काहीतरी कुटत होती. जवळ गेले तर पोरांच्या गेल्या वर्षीच्या वह्या! आठ दिवस पाण्यात भिजवलेल्या, शाईनं निळा-जांभळा झालेला लगदा, त्यात भिजवलेले मेथीदाणे. मेथीनं लगदा चिकट होतो आणि पुढे कीड लागत नाही. उपड्या घागरीवर तो लगदा एकसारखा थापायचा, ओल्या हातानं कड गुळगुळीत करायची, उन्हात वाळला की अलगद सोडवायचा. झाली टोपली. तीत डाळ राहते, कुरड्या राहतात, पापड मऊ पडत नाहीत. म्हातारीनं मला वाळलेली एक टोपली दिली, म्हणाली, "पोरीनं लिवलेलं हाय याच्यात, बाई, घेऊन जा." मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीची माफी मागितली आणि कार्यानुभवाच्या वहीत तिला पूर्ण गुण दिले. त्या काळी आमच्या हाती असलेल्या एका हस्तपुस्तिकेत आइस्क्रीमच्या काड्या आणि थर्माकोल वापरायला सांगितलं होतं. ते आमच्या पोरांना शेगावहून विकत आणावं लागलं असतं.

रुखवताबद्दल थोडक्यातच सांगते. बांगड्यांच्या तुकड्यांची तोरणं, मण्यांचे पडदे, सुपारीच्या बाहुल्या हे सगळं माझ्या लग्नात मांडलं होतं. ते बघायला पाहुणे येतात, वाहवा करतात आणि नंतर ते कपाटावर धूळ खातं. वाकळ कुणी मांडून ठेवत नाही. ती मूल घेऊन सासरी निघालेल्या लेकीच्या गाठोड्यात मुकाट्यानं जाते, बाळंतविड्याच्या कुंची-टोपड्याखाली. जास्त टाके मात्र तिच्यातच असतात.

तान्ह्या बाळाला पहिलं अंगडं जुन्याचंच, हे आमच्याकडे सगळ्या जातींत होतं. एक तर नवं कापड खरखरीत, खळीचं. आणि दुसरं म्हणजे घरातल्या दीर्घायुषी म्हाताऱ्याचं धोतर किंवा म्हातारीचं लुगडं बाळाच्या अंगाला लागलं की त्यांचं आयुष्य त्याला मिळतं, ही समजूत. ज्या घरात मुलं जगत नसत तिथे याहूनही पुढे जात. तान्ह्याला उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, टाकून दिलं असं म्हणायचं आणि दुसऱ्या बाईनं उचलून परत आणायचं. मरणानं फसावं म्हणून. अशा मुलाचं नाव उकर्डा किंवा उकंडा. बुलढाणा-अकोल्यात या नावाची माणसं अजून भेटतात. माझ्या वर्गाच्या हजेरीतही दोघांच्या वडिलांचं नाव उकर्डा होतं. हजेरी लिहिताना माझं पेन तिथे क्षणभर थांबायचं.

आणि आमच्याच वऱ्हाडात गाडगेबाबा होऊन गेले. १८७६ साली शेंडगावला जन्म, वाढले मामाच्या घरी दापुरीला. १९०५ साली घर सोडलं ते अंगात चिंध्यांची गोधडी घालून, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात फुटकं गाडगं. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. माझी वाकळ शिवली गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात. आजीनं त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. चिंधी अंगावर घेऊन हजारोंपुढे उभा राहणारा माणूस बघितल्यावर दंडाचं लुगडं नेसणारीला काय वाटलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही शेवटच्या थराशी आलो. आजी वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा एक तुकडा ठेवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. तो कोपरा रिकामा होता; साठ-पासष्ट वर्षांत मुंग्यांनी त्याचं काय केलं असेल ते केलं. पण त्या कोपऱ्याला लागून, दोन थरांच्या मध्ये, बाहेरून कुठूनही दिसणार नाही असा एक मोठा चौकोन निघाला. काळपट हिरवं सूत. दोन्ही बाजूंचे काठ ओढून काढलेले.

माय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मावशीचं हाय हे."

तीच दुसरी बहीण. आजीची धाकटी. अठराव्या वर्षी विधवा होऊन पातुर्ड्याला परत आली आणि आयुष्यभर तिथेच राबली. वेचणीला पहिली, दळायला पहिली. आमच्या घराच्या रीतीत विधवेचं कापड लेकीच्या ओटीला आणि बाळाच्या अंगाला वर्ज्य होतं. दीर्घायुष्याच्या समजुतीत तिला जागा नव्हती. माझ्या बाळंतविड्याच्या वेळी तिनं आपलं लुगडं पुढे केलं असेल का, की आजीनंच मागून घेतलं? मायला ठाऊक नाही. ती तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत होती. तिनं एवढंच सांगितलं की वाकळ शिवायला चार बाजूंना चौघी बसल्या होत्या, आणि हा कोपरा आजीनं रात्री एकटीनं भरला. "कोनाले सांगतलं नाही मायनं. मलेबी नाही."

म्हणजे मी त्या मावशीच्या लुगड्याखाली वाढले. हिवाळ्यात तोंडावर ओढून घ्यायची तो हाच कोपरा असेल. आमच्या बायांच्या हातात तेव्हा फारसं काही नव्हतं, पण कुठला थर वर आणि कुठला आत, हे ठरवणं त्यांच्या हातात होतं. आजीनं रीत मोडली नाही, रीतीला दिसणार नाही अशा जागी बहिणीला बसवलं. मला याचा आनंद होतो आणि रागही येतो. दोन्ही अजून गेलेले नाहीत.

ते तुकडे मी तीनदा रिठ्याच्या पाण्यात उकळले. धोतर गेलं, कंट्रोलच्या कापडाचा अर्धा भाग वाचला, मायच्या लुगड्याचा दंड शाबूत राहिला. मावशीचं सूत सगळ्यांत घट्ट निघालं. आत असल्यामुळे ते झिजलंच नव्हतं. माझ्या नातीला पुण्याला फेब्रुवारीत बाळ होणार होतं. दिवाळीनंतर मी अंगणात चटई टाकली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि छोटं दुपटं मांडायला घेतलं, दीड हाताचं. पॉलिएस्टर बाजूला ठेवली. तिच्या मी बाजाराच्या पिशव्या शिवल्या, त्याला ती उत्तम आहे.

दंडाचा तुकडा खाली अंथरला. त्यावर कंट्रोलचं. मावशीचा हिरवा चौकोन हातात घेऊन मी सवयीनं मध्ये सरकवायला गेले, तेव्हा बाजेवरून माय म्हणाली, "वर लाव तो."

मी तो वर लावला. दोरा त्यातूनच काढला, दोन पदरी पिळला. सुईत ओवायला मला चष्मा लागला, मायनं मात्र नुसत्या बोटांनी चाचपून ओवला.